आम्ही दोघांनी घडवलेली बंदूक

लेक म्हणते, आई, तू सांग, मी लिहिते. ती शाळेत मास्तरीण आहे, माझं बोलणं कागदावर शुद्ध करते. मी म्हटलं, कर बाई शुद्ध, पण एक गोष्ट बदलू नको. ती बंदूक आम्ही दोघांनी केली होती. तुझ्या बापानं एकट्यानं नव्हे.

आमचं गाव पाथर्डीच्या पुढं, निजामाच्या हद्दीपासून दोन कोसांवर. आम्ही लोहार. आमच्यात बाई नुसती चूल सांभाळत नाही. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, हातोडीनं जागा दाखवतो आणि तो दाखवील तिथं बायको घण मारते. मी सात वर्षांची असल्यापासून माहेरी घण उचलत होते. मला बघायला आले तेव्हा सासऱ्यानं रंग पाहिला नाही, दंड पाहिले. मालक तर चारचौघांत म्हणायचे, "माज्या बायकूचा घण चुकत न्हाई. ऐरणीवर बोट ठिव म्हनली तर ठिवीन." तेव्हा बायकोचं असं कौतुक कुणी उघड करत नसे. लोक हसायचे, हे आणखी बोलायचे.

लढाईच्या वर्षांत मालक नगरला लष्कराच्या वर्कशॉपात कामाला होते. तिथं बंदुका दुरुस्तीला यायच्या. लढाई संपली, माणसं कमी केली आणि हे गावी परत आले. मग अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हद्दीपलीकडून हत्यारबंद टोळ्या अलीकडच्या गावांवर यायला लागल्या. शेजारचं गाव लुटलं. आमच्या गावात बंदूक म्हणावी अशी एकच, पाटलांची. परवान्याची होती, पण ठासणीची. एक बार उडवून दुसरा ठासेपर्यंत समोरचा भाकरी खाऊन हात धुऊन येईल.

पाटील एक दिवस भट्टीवर आले. मालकांना म्हणाले, "तू लष्करात बगितल्यात न्हवं तसल्या? चाप दाबला का सुटतच ऱ्हात्यात. तसली एक कर."

"पाटील, तसलीला परवाना न्हाई," मालक म्हणाले. "तुमच्या बंदुकीला सरकार कागद देतं. ह्या असल्या रयतेतल्या कुनालाच ठिवू देत न्हाईत. अन् घरी बनवायची म्हंजी त्यो आनखी येगळा गुन्हा."

"गाव वाचलं तर परवान्याचं बगू. मी हाय ना."

'मी हाय ना.' ह्या तीन शब्दांवर मी आजवर थुंकत आले आहे. पण तेव्हा मलाही धीर वाटला होता, खोटं कशाला बोलू.

पावसाळ्याच्या तोंडी ते काम झालं. कसं केलं ते सांगणार नाही, लेकीलाही सांगितलेलं नाही. एवढंच सांगते, तिच्या लोखंडावर पडलेला प्रत्येक घाव माझ्या घणाचा होता आणि मला तेव्हा तिसरा महिना होता. ओढ्यात नेऊन एकदा उडवून पाहिली. पाच-सहा बार झडीसारखे सुटले आणि ती अडकून बसली. तेवढ्यावरच गावानं तिचं नाव 'झडीची' ठेवलं. माणसावर ती कधीच चालली नाही.

भाद्रपदात आपली फौज पलीकडे गेली, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य आटोपलं. गावात गूळ वाटला. मग दवंडी आली, की ज्याच्याकडे बिनपरवान्याचं हत्यार असेल त्यानं घट बसायच्या आत चावडीवर आणून द्यावं, त्याला कुणी काही करणार नाही. मालक निघालेच होते. पाटील आडवे आले. "चावडीवर दिलीस तर कुनी करायला सांगितली ह्ये इचारतील. गपचिप मोडून टाक." मालक म्हणाले, बरं. आणि ते मोडायला बसले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

मी धरला. हे लिही, म्हटलं लेकीला.

खंडेनवमी तोंडावर आली होती. त्या दिवशी लोहाराच्या घरातलं एकूणएक हत्यार राखेनं घासून, हळदकुंकू लावून मांडायचं असतं. जे पूजेवाचून राहतं ते रुसतं आणि वर्षभरात धन्याचंच रक्त काढतं, हे मी आईच्या दुधाबरोबर प्याले होते. मी म्हणाले, "पूजा हू द्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मोडा." मालक हसले. "तू म्हनशील तसं." तेवढ्यात घट बसले आणि मुदत गेली.

खंडेनवमीला मी सकाळीच सारं मांडलं. ऐरण, घण, हातोड्या, सांडश्या, कानस. शेवटी पोत्यातून ती काढली आणि ओळीत ठेवली. मालक म्हणाले, "वर फडकं तरी टाक." मी म्हणाले, झाकलेल्याची पूजा होत नाही. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दुपारी दार लावून घेऊ, असा माझा विचार. पण पोलीस नाक्यावरचे जमादार सणाला कारागिरांच्या घरी पानसुपारीला यायचे, ते त्या वर्षी सकाळीच आले.

दारातच थांबले. ओळीतल्या बंदुकीकडे बोट केलं. मग हळूच विचारलं, "ही कुणाची?"

आता आमच्यात 'कुणाची' म्हटलं की मालकी ऐकू येत नाही, हात ऐकू येतो. कुऱ्हाड कुणाची विचारलं तर आम्ही घेणाऱ्याचं नाव सांगत नाही, घडवणाऱ्याचं सांगतो. मालक सरळ बोलून गेले, "माज्या हातची हाय, सायेब."

जमादार वाईट माणूस नव्हता. चपला काढून आत आला, खाली बसला. म्हणाला, "नीट विचार करून बोल रे. सापडली म्हण. हद्दीवर कुणी टाकून पळालं म्हण. जवळ बाळगल्याचं एक असतं, बनवल्याचं लई मोठं असतं."

मालकांनी बंदुकीवर ओढलेल्या कुंकवाच्या बोटांकडे पाहिलं. "पूजा मांडलीया. हिच्याम्होरं खोटं कसं बोलू?"

तेव्हा मी मधे पडले. म्हणाले, "त्यांच्या एकट्याची न्हाई. आमी दोघांनी केली. घण माजा हाय."

जमादारानं माझ्या पोटाकडे पाहिलं. मला सातवा सरत आला होता. आणि जो माणूस स्वतःसाठी पूजेपुढं खोटं बोलला नाही, तो तिथंच, त्याच ओळीपुढं, एक क्षण न थांबता बोलला. "तिचं काय ऐकू नका सायेब. येडी हाय ती. तिला लोहारकाम येत न्हाई."

तेच लिहून घेतलं. तेच कोर्टात वाचून दाखवलं. मी भिंतीशी उभी होते, तोंडात पदर कोंबला होता. पाटलांनी तर सांगितलं, मला ह्यातलं काहीच माहीत नाही. गरज सरो, वैद्य मरो. मालकांना चार वर्षं झाली.

वकिलानं मला बजावलं, आता घणाला हात लावू नको. पोलिसांना कुणी कळवलं तर नवऱ्याची जबानी खोटी ठरेल आणि तूही आत जाशील, तान्ह्या लेकरासकट. मी भट्टीला कुलूप घातलं. लोक विळे, खुरपी धार लावायला शेजारच्या गावी न्यायला लागले आणि मी त्यांच्याच रानात त्याच खुरप्यांनी निंदायला जायला लागले. मला लोहारकाम येत नव्हतं ना.

मालक परत आले नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात तापानं तुरुंगातच गेले. मी आजही स्वतःला विचारते, त्या दिवशी हात धरला नसता तर? लेक म्हणते, आई, तू रीत पाळलीस. रीत पाळली, आणि माणूस घालवला.

त्याआधीची शेवटची भेट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. लेक दहा महिन्यांची झाली होती, मी तिला गजांजवळ उचलून धरलं. ते तिच्याकडे बघून हसले. पण आधी त्यांनी गजांतून हात घालून माझा उजवा तळहात ओढून घेतला आणि अंगठ्यानं चाचपला, लोखंड थंड झालं का बघावं तसा. तिथले घट्टे गेले होते.

"मऊ झाला," ते म्हणाले. डोळ्यांना धार लागली होती. "माजं खोटं खरं झालं की गं."