पिशवीवालं मशीन

काकूने प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडली आणि दुकानाच्या चकचकीत फरशीवर घरची धूळ ओतली. चिमूटभर नाही, चांगली दोन ओंजळी. मऊ, पिंजलेली धूळ. त्यात केस, दोरे आणि शर्टाचं एक बटण.

"अहो बाई! अहो, हे काय करताय?" टाय लावलेला विक्रेता धावत आला.

"बघतेय," काकू म्हणाली. "मघाशी तुम्ही व्हॅक्यूमने थर्माकोलच्या गोळ्या ओढून दाखवल्यात. माझ्या घरात थर्माकोलच्या गोळ्या पडत नाहीत, हे पडतं. आता हे ओढून दाखवा."

काकूची लेक दोन पावलं मागे सरकली आणि कपडे धुण्याच्या मशीनवरची किंमत वाचायला लागली, जणू ती एकटीच आली होती. मग राहवलं नाही म्हणून परत आली. "आई, तू घरून कचरा बांधून आणलास?"

"कचरा नाही, धूळ आहे. पलंगाखालची. कचरा वेगळा असतो."

कचरा आणि धूळ यातला फरक काकूला विचारायचा. एकोणीस वर्षं ती एका ऑफिसच्या इमारतीत साफसफाई करत होती. चार मजले, सकाळी सहा ते दोन. व्हॅक्यूमचा दांडा हातात नसेल तर तिला चालताना हात कुठे ठेवावा कळायचं नाही, असं लिफ्टवाला म्हणायचा. मशीनच्या आवाजावरून ती सांगायची, आत टाचणी गेली की नाणं. पण स्वतःच्या घरात मात्र झाडू. मशीन कंपनीचं, गालिचे कंपनीचे, आणि कुठलं मशीन घ्यायचं हे काकूला कधी कोणी विचारलंच नाही. वरून कोणीतरी पाठवायचं, ही ओढायची. आज पहिल्यांदा ती स्वतः निवडणार होती.

आणि ती काही हौसेने आली नव्हती. अकरा महिने काका खुर्चीत झोपत होते.

काका फर्निचरच्या कारखान्यात होते. लाकडाला पॉलिश पेपर मारण्यात उभा जन्म गेला आणि छातीत तो भुसा जाऊन बसला. घरी बसल्यावर बरे होतील असं वाटलं होतं. उलट आडवं झालं की खोकला. उठून बसलं की जरा बरं. मग एक दिवस त्यांनी उशी उचलली, पांघरूण उचललं आणि बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत मुक्काम टाकला. दवाखान्यात एकटेच जाऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, घरात धूळ आहे. झाडूने ती नुसती उडते."

काकूच्या ते जिव्हारी लागलं. धूळ? तिच्या घरात? चार मजले आरशासारखे ठेवणारी बाई, आणि तिच्या घरच्या धुळीने नवरा पलंगावरून उठला? त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. माणूस परत पलंगावर आणायचा.

तर दुकानात. टायवाल्याने पहिलं मशीन पुढे केलं. हलकं, उभं, पारदर्शक डबा. "यात धूळ फिरताना दिसते बघा. पिशवी नाही, कटकट नाही. डबा काढा, झटका, परत लावा."

काकूने पर्समधून काळा रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने ओला केला आणि मशीनच्या मागच्या जाळीवर धरला. "आता चालवा."

"तिथे काही नाहीये बाई. तोंड पुढे आहे."

"पुढून खातं ते सगळ्यांना दिसतं. मागून काय सोडतं ते बघायचं असतं. चालवा."

मशीनने धूळ झटक्यात गिळली. फरशी साफ. टायवाला हसला. काकूने रुमाल उलटा करून दाखवला. काळ्यावर राखाडी पीठ भुरभुरल्यासारखं. मग तिने त्याच्याच हाताने डबा उघडायला लावला. भस्सकन ढग उठला आणि टायवाल्याला सलग चार शिंका आल्या.

"या चार शिंकांचा माझ्या नवऱ्याला संध्याकाळभर खोकला होतो," काकू म्हणाली. "पुढचं."

पुढचं गोल, ताटाएवढं, आपणहून फिरणारं. ते फिरलं, खुर्चीला धडकलं, विचारात पडल्यासारखं थांबलं आणि दुसरीकडे निघून गेलं.

"असे आमच्या तिसऱ्या मजल्यावर बारा जण आहेत," काकू म्हणाली. "त्यांना पगार पण मिळतो."

आता टायवालाही हसला. त्याला कळलं होतं की ही गिऱ्हाईक म्हणून आलेली नाही, परीक्षा घ्यायला आलीय. तो आत गेला आणि मागच्या फळीवरून एक मशीन घेऊन आला. बुटकं, जाड, मळकट लाल. आत कागदी पिशवी. "हे कोणी मागत नाही. जड आहे. पिशव्या सारख्या आणाव्या लागतात. पण मागून स्वच्छ हवा सोडतं."

रुमाल धरला. मशीन चाललं. रुमाल काळा तो काळाच.

"हे द्या."

इथे लेक मध्ये पडली. "आई, खुळी झालीस का? उचलून बघ ना. तुझा उजवा हात कानाच्या वर जात नाही. ऑफिसात आठ तास ओढायचं आणि घरी येऊन हे धूड ओढायचं?"

"याला चाकं आहेत."

"खांद्याला चाकं आहेत का तुझ्या?"

काकू थांबली. लेकीचं खोटं नव्हतं. हलकं मशीन तिच्या खांद्यासाठी होतं, जड मशीन काकांच्या छातीसाठी. दोन्हींना पुरेल असं त्या दुकानात काहीच नव्हतं. तिने पारदर्शक डब्याच्या मशीनकडे एकदा पाहिलं. हातात घेतलं तेव्हा खरंच बरं वाटलं होतं, काठीसारखं हलकं.

"खांदा दुखला तर मी रात्री झोपते तरी," ती शेवटी म्हणाली. "बांधा हो ते लाल."

लेक घरापर्यंत धुसफुसत राहिली. पण मशीन जिन्यावरून तिनेच चढवलं, हेही सांगायला पाहिजे.

रविवारी काकूने काकांना रेडिओ देऊन जिन्यात बसवलं आणि पदर खोचावा तशा बाह्या दुमडून कामाला लागली. गादी उभी केली, दोन्ही बाजूंनी ओढली. पलंगाच्या फटी, पडदे, कपाटाचं डोकं, दाराच्या वरची कड. ऑफिसात तिने कधी एवढं केलं नसेल. दोन तास झाले. मग खिडक्या उघडल्या, नवी चादर घातली आणि जिन्यात जाऊन म्हणाली, "चला. झोपा."

"दुपारी?"

"परीक्षा आहे. झोपा."

काका झोपले. काकू दारात उभी. लेक तिच्या मागे. पाच मिनिटं काही नाही. सात मिनिटं. काकूने श्वास सोडला आणि तेवढ्यात काका उठून बसले, छाती धरून खोकले, खोकले, आणि ओशाळल्यासारखे खुर्चीकडे निघाले.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. काकूचा खांदा सुजला. लेक गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची. तिसऱ्या रविवारी काकाच म्हणाले, "अगं, राहू दे आता. खुर्ची काही वाईट नाही. सवय झाली."

"तुम्हाला खुर्चीची झाली असेल," काकू म्हणाली, "मला रिकाम्या उशीची नाही झाली."

लेकीने मान फिरवली. काका रेडिओचं बटण उगाच पिळत बसले.

आता सफाईच्या कामात एक नियम असतो. भरलेली पिशवी उघडायची नाही. तोंड बंद करायचं, कचऱ्यात टाकायचं, हात धुवायचे. आतलं बघण्यात कोणाला रस? एकोणीस वर्षांत काकूने हजारो पिशव्या बदलल्या आणि एकही फाडली नाही. पण त्या दिवशी तिचं डोकं फिरलं होतं. एवढी धूळ येते कुठून? दर आठवड्याला गादी ओढते, दर आठवड्याला पिशवी फुगते. तिने तोंडाला फडकं बांधलं, पिशवी आणि कात्री घेऊन गच्चीवर गेली, वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी उभी चिरली.

आत निळं होतं.

थोडं राखाडी, बाकी निळं. बारीक निळा भुगा, लोकर कुस्करल्यासारखा. काकू उकिडवी बसली आणि एकेक आठवायला लागली. चादरी पांढऱ्या. पडदे बदामी. गादीचं कापड पट्ट्यांचं, तपकिरी. काकांचे शर्ट पांढरे नाहीतर राखाडी, तिचा स्वतःचा युनिफॉर्म खाकी. लेकीचा एक निळा ड्रेस होता, तो कधीच मावसबहिणीकडे गेला. घरात निळं काही नव्हतंच.

निळा होता तो चौथ्या मजल्यावरचा गालिचा. वर्षापूर्वी नवा टाकलेला, तेव्हापासून झडणारा. हिनेच सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं, हा माल हलका आहे, पावलागणिक भुगा निघतो. आणि वर्षापूर्वीच खालची कपडे बदलायची खोली काढून घेतली होती. तिथे कागदाचे गठ्ठे ठेवायचे होते. तेव्हापासून सगळ्या बाया युनिफॉर्मवरच घरी जायच्या. काकू पण. घरी आली की थेट आतल्या खोलीत. पलंगाच्या कडेवर बसायचं, बूट काढायचे, मोजे झटकायचे, पाच मिनिटं पाठ टेकायची. दाराकडची कड. काकांची बाजू.

दुकानात तीच धूळ तिने स्वतःच्या हाताने ओतली होती. पण तेव्हा तिचे डोळे मशीनवर होते. धुळीकडे कोण बघतं?

लेक शोधत वर आली, तेव्हा काकूने नुसतं बोट दाखवलं. लेकीने निळं पाहिलं, मग आईच्या युनिफॉर्मची दोरीवर वाळणारी पँट आणि तिच्या दुमडीत अडकलेला तोच निळा भुगा पाहिला.

"मी रोज आणत होते गं," काकू म्हणाली. "एकोणीस वर्षं लोकांची धूळ काढली, आणि ती घेऊन घरी आले. त्यांच्या उशीवर ठेवली."

"तुला काय माहीत होतं, आई?"

"मला माहीत असायला पाहिजे होतं. दुसरं येतंय काय मला?"

लेकीने वर्तमानपत्राची चारही टोकं उचलून पुडी बांधली आणि आईला हाताला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी काकू ती पुडी घेऊन सुपरवायझरच्या टेबलासमोर उभी राहिली. "कपडे बदलायला खोली पाहिजे."

"खोली नाहीये. कागद आहेत तिथे."

"मग कागद युनिफॉर्म घालून घरी जातील का?"

"काकू, ऐका, वरून आलंय..."

"वरून काय येतं ते मी एकोणीस वर्षं झाडतेय." तिने पुडी टेबलावर ठेवली. "उघडू?"

त्याने उघडू दिली नाही. खोली काही मिळाली नाही, पण बादल्या ठेवायच्या कपाटामागे पडदा लावून हातभर जागा मिळाली. आठवड्याभरात सगळ्या बाया तिथे कपडे बदलायला लागल्या. एक आत, चार बाहेर रांगेत, आणि आतलीला उशीर झाला की बाहेरच्या ओरडायच्या, "लग्नाला निघालीस का गं?"

घरी लाल मशीन चालूच राहिलं. आता पिशवी हळू फुगायला लागली. पहिल्या दोन रविवारी काका परत उठून खुर्चीत गेले. तिसऱ्याला अर्धा तास टिकले. घाई कोणी केली नाही. साधारण दीड महिन्याने, एका पहाटे कामावर जायला काकू उठली तर शेजारी काका सपाट आडवे, तोंड उघडं, एक हात तिच्या उशीवर. घोरत होते. काकूने बूट हातात घेतले, अनवाणी बाहेर आली, खुर्चीवरचं पांघरूण घडी करून कपाटात टाकलं आणि दार न वाजवता गेली. त्या दिवशी ऑफिसात ती कोणावर ओरडली नाही. लिफ्टवाल्याने विचारलं, बरं नाही का?

ही गोष्ट इथेच संपली असं आम्ही सगळे शेजारी धरून चाललो होतो. दोन वर्षांनी लेक काकांचे कागद आणायला दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरांनी जुना कागद काढून वाचला. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, घरात कोणी धुळीचं काम करून त्याच कपड्यांवर येतं का? काकांनी सांगितलं होतं, नाही. बायको काय करते? तर म्हणे, ऑफिसात असते, टेबलावरचं काम.

लेकीने घरी येऊन बाबांना गाठलं. काकू कामावर होती. "बाबा, तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"ती सुट्टीवर असली की मला खोकला कमी असायचा," काका म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, तिला काम सोडायला सांगा. आणि तिने त्याच दिवशी सोडलं असतं."