दर पंधरवड्याला ए फॉर ॲपल

आमच्या नाशिकच्या कॉलनीत परदेशी जाऊन आलेली मी पहिली बाई. घरात बी.ए. झालेलीही पहिलीच, आणि ते मी चारचौघांत सांगते. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, असं कुणीतरी बोललंच. तरी निघताना विहारात आमचा सत्कार झाला. "आधी लुंबिनी, मग पंधरा दिवस गरीब मुलांना शिकवणार," हे अध्यक्षांनी माइकवरून दोनदा सांगितलं.

बालगृह लुंबिनीपासून तासाभरावर होतं. वीसेक मुलांनी ओळीत उभं राहून स्वागतगीत म्हटलं आणि मला रडू आलं. सोबत आलेले हे कानात म्हणाले, "अगं, आजच सगळं रडू नको. पंधरा दिवस काढायचेत."

मला इंग्रजी दिलं. पुढच्या बाकावर अकरा वर्षांची एक मुलगी बसायची. पहिल्या दिवशी तिला बी आणि डीमधला फरक कळेना. आठव्या दिवशी तिनं अख्खं वाक्य वाचलं. मी लगेच फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. 'ताई, अभिमान आहे' असे धडाधड निरोप आले. शेजारणीनं लिहिलं, 'आमच्या गाढवालाबी घेऊन जा एकदा.'

दहाव्या दिवशी खडू शोधायला कपाट उघडलं, तर तिच्याच नावाच्या सात वह्या. प्रत्येकीत पहिल्या पानावर ए फॉर ॲपल आणि शेवटी अख्खं वाक्य. शेरे मात्र सात वेगवेगळ्या हस्ताक्षरांतले.

मी तिला ओट्यावर बसवलं. "तुला हे आधीपासून येत होतं?"

ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "येतं ना, दीदी. पण पहिल्याच दिवशी आलं तर तुम्ही लोक उदास होता." मग माझा हात धरून म्हणाली, "मला खऱ्या शाळेत घाला ना. तुम्ही सांगितलं तर सर ऐकतील."

मला तोंड लपवावंसं वाटलं. मी स्वतः हरसूलच्या वसतिगृहात वाढले. साहेब तपासणीला आले की आमच्या बाई बजावायच्या, "तेराचा पाढा मधेच अडखळा गं, साहेबांना सांगू द्या. खूश होतात." मी छान अडखळायचे. साहेबांनी माझी पाठ थोपटल्याचं अजून आठवतं. साहेबांची जीप गेली की आम्ही शाळेत पळायचो, एवढाच फरक. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी दहा दिवस ओळखलं नाही.

मी आणि हे संचालकांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला. हे म्हणाले, "सर, ती पोरगी हुशार आहे. शाळा समोरच दिसते. पाठवत का नाही?"

"शाळा सकाळची. पाहुण्यांचे वर्गही सकाळचेच. सगळ्यांना शाळेत घातलं तर पाहुण्यांनी शिकवायचं कुणाला?"

"मग पाहुणे बंद करा," मी म्हणाले.

"पाहुणे येतात म्हणून इथं भात शिजतो, मॅडम."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चहा तसाच राहिला.

त्या मुलीनं मला काहीच विचारलं नाही. बहुतेक आधीच्या सातांनाही सांगून झालं असेल. उरलेले दिवस ती मुकाट्यानं वाचायची आणि मी शेरे द्यायचे. निघालो त्या सकाळी नवीन जोडपं आलं होतं. स्वागतगीत झालं. जीपमध्ये बॅगा चढवताना वर्गाच्या खिडकीतून दिसलं, तिच्यापुढे कोरी वही होती. नवीन बाईनं फळ्यावर बी काढला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "डी?"

परत आल्यावर विहारात पुन्हा सत्कार. समोर कॉलनीतल्या पोरी बसल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "ताई, चार शब्द बोला." मी तोंडावर खरं बोलणारी बाई म्हणून ओळखली जाते. माइक हातात घेतला आणि म्हणाले, "एका मुलीला अक्षरओळख नव्हती. आठ दिवसांत वाचायला लागली."

टाळ्या पडल्या. हे मागच्या रांगेतून उठले आणि चपला शोधायला बाहेर गेले.