प्रणालीची डावी बाजू

गोटा छातीत बसला तेव्हा प्रणाली नऊ वर्षांची होती. पोळ्याचा दुसरा दिवस, पांढुर्ण्याची गोटमार. जाम नदीच्या या काठावर आम्ही, पलीकडे सावरगाव, मधल्या पात्रात पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. तो झेंडा हाती येईपर्यंत दोन्ही गावं गोटे मारून एकमेकांची डोकी फोडत असतात. प्रणालीची आई सरला सावरगावची. माहेरचं कोणी पलीकडे दिसेल म्हणून लेकीचा हात धरून ती काठाजवळ उभी होती आणि मी, त्यांचा शेजारी, मागे. पोरगी ओरडली नाही. तोंड उघडं ठेवून नुसती खाली बसली. फ्रॉकवर डावीकडे रक्त पसरत गेलं.

दवाखान्याचा मंडप समोरच होता. पण पोरीची छाती परक्या पुरुषापुढे उघडी करायची कशी? सरलानं तिला उचलून घरी नेलं आणि देवीच्या देवळातली राख जखमेत भरली. गोटमारीची जखम राखेनं बुजते, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. जखम बुजली. पण पुढे पोरगी वयात आली तेव्हा उजवी बाजू भरली आणि डावी तशीच सपाट राहिली. वाढायचं होतं ते दगडानं कोवळं असतानाच ठेचलं होतं.

मी खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात उभं आयुष्य बाईची कामं केली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी पदर सावरला की लोधीखेड्याचे म्हातारेसुद्धा फेटा सरळ करत. त्यामुळे मायलेकी शेवटी माझ्याच दारात आल्या. नुसता कापूस भरला तर तो वर चढतो, तळाशी मूठभर ज्वारी लागते वजनाला. चोळीत डावीकडे घालायला मी तशी पिशवी शिवून दिली.

"आबाजी, पाण्यात भिजली त मोड येतीन न इले!" प्रणाली म्हणाली, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

जीभ अशी, आणि हातही तसाच. बोरगावच्या कंपनीत ती पॅकिंगला लागली. तिथल्या सुपरवायझरनं एकदा चार जणांत तिला "एकतर्फी" म्हटलं. तिनं हातातला टेपचा रोल त्याच्या तोंडावर असा हाणला की नाकाचं हाड मोडलं. नोकरी टिकली, कारण पोरीनं का मारलं हे सांगायची त्याचीच छाती झाली नाही.

यंदा तिनं ऑपरेशनचं ठरवलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघं गेलो.

"कोणासाठी करायचंय हे? लग्न ठरलंय?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. बस पकडाले धावली की पिशवी गळ्याशी येते. मले धावाचं आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. छातीचा स्नायू उचलून त्याखाली सिलिकॉनची पिशवी बसवणार. पहिले काही दिवस छाती आवळल्यासारखी, फाटल्यासारखी दुखेल. अनेक आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही, छातीवरचा पट्टा काढायचा नाही. कातडी बधिर राहू शकते. दोन्ही बाजू हुबेहूब होणार नाहीत, आणि ही पिशवी जन्मभराची नसते, तपासत राहावं लागतं, पुढे कधी बदलावी लागते.

"आन् पिकलं त?" मी विचारलं.

"तर काढावी लागेल. मग महिनोन्‌महिने थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टाक्यांवर मला विचारल्याशिवाय काही नाही लावायचं. हळद नाही, तेल नाही."

राखेचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्या नागपूरच्या होत्या.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर प्रणालीनं डॉक्टरला, नर्सला आणि मला अशा शिव्या दिल्या की आमच्या गंमतीतला सोंगाड्या लाजला असता. "आबाजी, छातीवर बैल उभा केला जी कोणी!" रडत रडत हसत होती.

पंधरा दिवसांनी गोटमार आली. मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. नदीकडून आरोळ्या येत होत्या, मध्येच अँब्युलन्सचा भोंगा. सकाळपासून टाक्यांची कड लाल दिसत होती. तेवढ्यात सरला आत आली. पदराखाली पुडी.

"जराशीक लावते. कडेकडेनं."

"आई, हात लावू नोको."

"तवा या राखेनंच वाचली तू!"

"वाचली? पाहा न काय वाचलं थे!"

सरलानं तिच्या थोबाडीत मारली. मग गुडघा खाटेवर टेकवून एका हातानं तिचा खांदा दाबला आणि दुसऱ्या हातानं पट्ट्याचा हुक ओढला. प्रणालीला हात वर नेता येत नव्हते, आईला ढकलता येत नव्हतं. मी उठलो, पण माझे गुडघे! मी शेवटच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या आवाजात ओरडलो, "सरला, सोड पोरीले!" राखेची चिमूट टाक्यांपर्यंत आली होती. प्रणालीनं मान वळवली आणि आईच्या मनगटात दात रोवले. सरला किंचाळली तरी सोडलं नाही. पुडी फरशीवर सांडली, तिच्यावर रक्ताचे थेंब पडले.

"लाव न आता," प्रणाली धापा टाकत म्हणाली. ओठ लाल. "तिथंच पडली आहे राख. लाव तुह्या जखमेले."

सरलानं मनगटाकडे पाहिलं. फरशीकडे पाहिलं. मग मोरीत गेली, नळ सोडला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात घासत राहिली. तिथूनच तिचा रडवा आवाज आला.

"आबाजी, डॉक्टरीणबाईले फोन लावा. टाके लाल दिसून राहिले म्हणा. आन् माणूस चावलं त इंजेक्शन घ्या लागते का, थेही इचारा."

गोळ्यांनी लाली उतरली, पिशवी राहिली. परवा सौसरची बस सुटता सुटता प्रणालीनं धावत जाऊन पकडली, मी पाहिलं.

सरलाच्या मनगटावर दातांचा वण आहे. कोणी विचारलं की ती सांगते, "गोटमारीत लागलं."