गिअरच्या पुढचा कप्पा

गाडीत टेप बसवणाऱ्याच्या दुकानात माणूस वायरच्या तुकड्यासाठी जातो आणि दुसऱ्यांच्या घरातली भांडणं ऐकून परत येतो. बाकावर बसलं की आधी चहा येतो, मग किस्सा. नको म्हणायची सोय नसते. असे किती साठले, ते मला तिथं जाणं बंद झाल्यावर कळलं.

दुकान आळेफाट्यावर, बबनचं. हा आळे गावचाच. शेती भावांवर सोपवून गाड्यांचं वायरिंग करायचा. शेजारी पारसशेठचं स्पेअरपार्टचं दुकान. फाट्यावर कॉम्प्युटर त्यांच्याकडेच होता, म्हणून सगळ्या गाड्यांना गाणी भरून द्यायचं कामही त्यांच्याकडेच.

माझं काम साधं होतं. माझी बायको सुनंदा निरगुडसरच्या शाळेत शिकवायची. मंचरहून रोज सकाळी तिला तिथं सोडून मी माझ्या कॉलेजला जायचो. भाचीने तिला काडेपेटीएवढा एक म्युझिक प्लेअर दिला होता. त्यात गाणी कशी भरतात ते ती शेवटपर्यंत शिकली नाही. आवाज रेकॉर्ड करायचं बटण मात्र पहिल्याच दिवशी शिकली! माझ्या शेजारी बसून त्यात वाटेल ते बोलायची. संध्याकाळची भाजी, हेडमास्तरांच्या सूचना, आणि बहुतेक वेळा मी. 'रस्ता मोकळा, आणि हे अजून तिसऱ्यातच! अहो, चौथा गिअर काय शोभेला दिलाय?'

पावसाळ्यात ती गेली. प्लेअर राहिला.

तो गिअरच्या पुढं कप्पा करून कायमचा बसवावा, आवाज गाडीच्या स्पीकरमधून यावा, एवढंच मला हवं होतं. बबनला म्हणालो, "यात जे आहे ते तसंच राहू दे. फक्त गाडीत ऐकू आलं पाहिजे."

"सर, असा कप्पा करतो, कंपनीला वाटंल आपूनच दिलाय!"

तयार कप्पा कुठं मिळत नव्हता. आधी पुठ्ठ्याचं माप, मग प्लायवूड, मग पुट्टी, मग घासकाम. पुट्टी वाळेपर्यंत बाक, चहा आणि किस्से.

*

पहिला कॅसेटच्या काळातला. जुन्नर-घाटघर वडाप जीपचा नामदेव बबनचं जुनं गिऱ्हाईक. त्याने जीपमध्ये एवढे मोठे स्पीकर बसवून घेतले की मागच्या सीटवर दोन माणसं कमी बसायला लागली. एकदा चढाला जीप बंद पडली. बॅटरी उतरलेली. उतारू खाली उतरून ढकलायला लागले, आणि आत टेप चालूच!

एक म्हातारा धापा टाकत म्हणाला, "आरं, त्यो टेप तरी बंद कर. बॅटरी त्योच खातोय."

नामदेव स्टिअरिंगवरून म्हणाला, "बंद केला तर ढकलायला जोर कुठनं येईल, बाबा?"

*

बबनच्या दुकानाचा एक नियम होता. नव्या फिटिंगमधून पहिला आवाज आरतीचाच. चाकाखाली लिंबू, बॉनेटपुढं नारळ, आत आरती. त्याशिवाय गाडी फाट्यावरून हलायची नाही.

नारायणगावच्या एका टोमॅटोच्या व्यापाऱ्याने नवी कार घेतली. त्याला गिअरच्या पुढं प्लेअर हवा होता, बायकोला त्याच जागी गणपती. दोघं दुकानातच भांडले. बबनने वैतागून दोन्ही बसवले. खाली प्लेअर, त्यावर झाकण, झाकणावर गणपती. आरती झाली, नारळ फुटला.

महिन्याभराने व्यापारी परत आला. "भाऊ, कायतरी कर. गाणं बदलायचं म्हणलं की बायको म्हणती, देवाला उठवू नका!"

पुढं ती कार विकेपर्यंत तीत एकच गाणं वाजलं.

*

एका गावाने वर्गणी काढून ॲम्ब्युलन्स घेतली. तिच्यावर भोंगाही बसवून घेतला, बबनकडूनच. गाडीवर नाव अर्थात सरपंचांचं. निवडणूक आली तेव्हा हीच गाडी प्रचाराला. मध्येच एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. त्याला आत घातला, पण वरचा भोंगा कुणी बंद करेना. जाता जाता दोन वाड्यांचा प्रचारही उरकला.

दवाखान्याच्या दारात म्हातारा हात जोडून म्हणाला, "मत तुमालाच देतो राव, पर आता वरडू नका!"

म्हातारा वाचला. सरपंच पडले. बबन म्हणायचा, "एका गाडीत दोघांची सोय कशी व्हनार!"

*

मग माझ्याही वाट्याला एक आला. बाकावर एक ओळखीचा गृहस्थ शेजारी येऊन बसला. बराच वेळ मान हलवत राहिला. म्हणाला, "वाईट झालं, सर." नंतर उठून गाडीभोवती फेरी मारली. टायरला लाथ मारून बघितली, बॉनेट उघडून आत डोकावला. "एकट्याला एवढी गाडी काय करायची? देऊन टाका मला."

"विकायची नाही," मी म्हणालो.

"न्हाई, तसं न्हाई. मी आपला दुखवट्याला आल्तो."

बबन ब्रशने पुट्टी झटकत होता. मान वर न करता म्हणाला, "पावणं, दुखवट्याला बॉनेट उघडून बघत न्हाईत."

*

दोन भावांचा किस्सा बबन हसत सांगायचा, पण शेवटी हसायचा नाही.

घरात एक कार. तीत बबनने धाकट्याच्या हौसेने प्लेअर बसवलेला, अगदी कन्सोलमध्ये मुरवून. पुढं वाटण्या झाल्या. जमीन निभली, विहीर निभली, भांडण येऊन थांबलं कारवर. पंचांनी निकाल दिला, "गाडी थोरल्याला, गाणं धाकट्याला."

बबनला करवत घेऊन बोलावलं. त्याने स्वतःच केलेलं काम स्वतःच्या हाताने कापून काढलं. थोरला त्या भोकात तंबाखूची डबी ठेवायला लागला. धाकट्याने प्लेअर गोठ्यात लावला.

सगळं उरकल्यावर दारातली म्हातारी आई म्हणाली, "आता मला सांगा, माझी बसायची जागा गाडीत का गोठ्यात?"

दोघंही बबनकडे बघायला लागले!

*

माझा कप्पा झाला त्या दिवशी बबनचा निरोप आला. गेलो. काम खरोखर सुरेख होतं. काळं रेक्झिन, कुठं सांधा दिसत नव्हता. प्लेअर आत बसला की टक् करून आवाज यायचा. सुनंदाच्या सीटवरून हात सहज पोचावा, एवढ्यावर.

चाकाखाली लिंबू होतं. पारसशेठ नारळ घेऊन उभे होते.

"लावा चावी, सर," बबन म्हणाला.

लावली. स्पीकरमधून टाळ-झांजांसकट आरती सुरू झाली. पलीकडच्या ट्रकवाल्याने चपला काढल्या. शेठनी हात जोडले. मीही जोडले. आरती संपल्यावर मी पुढचं बटण दाबलं. दुसरी आरती लागली. पुन्हा दाबलं. भजन. पुन्हा दाबलं.

"दाबा, दाबा, संपायची नाहीत," पारसशेठ खुशीत म्हणाले. "बबनने आरतीपुरता माझ्याकडं दिला होता. बघतो तर आत जागाच नाही! लावून ऐकलं. गाणं एक नाही हो सर, कोण बाई नुसती बोलतेय. भाजीचं काय, गिअरचं काय! म्हटलं, सरांचा प्लेअर, असा कसा द्यायचा? सगळं पुसलं आणि काठोकाठ भरून दिला. आपल्याकडून भेट!"

बबन खिडकीत वाकला. "आवाज कसाय, सर?"

"चांगला आहे," मी म्हणालो.

प्रसादाचं खोबरं हातावर घेतलं आणि निघालो. रस्ता मोकळा होता. मंचरपर्यंत मी गाडी तिसऱ्या गिअरमध्येच आणली.