चुन्याचं पथ्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलीला नाही, आणि जिच्याशी त्याचा संबंध आहे त्या माझ्या बायकोला तर नाहीच नाही. एका डॉक्टरच्या तोंडी मी असं वाक्य घातलं, जे तो कधी बोललाच नव्हता.

पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहू लागले होते. नगरकडचं गाव सोडून मी औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो होतो. चिंचवड गावात दोन खोल्यांत आई, बायको, मुलगी आणि मी असे राहत होतो. भरलेली खोकी डोक्यावरच्या फळीवर चढवायची, हे माझं काम. चाळिशी ओलांडली आणि उजवा खांदा कुरकुरायला लागला. आधी सदरा घालताना, मग झोपेत कूस बदलताना. एका सकाळी तर हात छातीच्या वर जाईना. कारखान्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवून एक्स-रे काढायला लावला. तो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी हाडावरचा एक पांढरा ठिपका दाखवला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"कॅल्शियम साचलंय. शेक घ्या, हात जपा."

बाहेर कंपाउंडरनं त्याचं मराठी केलं. "चुना हो, चुना! तंबाखू कमी मळा, राव."

घरी हे सांगितलं तेव्हा आईनं आधी सुनेकडं पाहिलं. "मंग हिच्या खांद्यात दुसरं काय आसनार? दिसभर पान चघळती."

बायकोचा खांदा माझ्या बराच आधीपासून दुखत होता. आईला गिरणीचं पीठ चालायचं नाही, म्हणून पहाटे जात्यावर बसावं लागे. दळता दळता ती मध्येच थांबायची, हात मांडीवर ठेवून बसायची. मी म्हणायचो, "जातं दिसलं की बरा दुखतो तुझा खांदा." शेजारणींसमोर म्हणायचो. त्या हसायच्या. ती एकदाच म्हणाली होती, "तुमचा दुखंल तवा इचारीन."

माझा दुखला, पण तिनं विचारलं नाही. शेकाची पिशवी मात्र न सांगता आणून दिली.

शेकानं काही भागेना. कारखान्यातला एक फिटर माझा दोस्त होता. तो म्हणाला, "भाऊ, कॅम्पात हाडाचा डॉक्टर आहे. आमच्या मामूंची कंबर त्यानंच सरळ केली. औषध नाही, सुई नाही, नुसते हात."

कॅम्प म्हणजे पिंपरीतली सिंधी निर्वासितांची वस्ती. बराकीच्या दारावर इंग्रजी पाटी होती, 'ऑस्टिओपॅथ'. वाचता येणाऱ्यालाही ती कळत नसे. डॉक्टर कराचीचे, विद्या विलायतेत शिकलेले. खोलीत एक बाकडं, आणि कोपऱ्यात त्यांची पत्नी शिवणाच्या यंत्रावर बसलेली. मला वाटलं होतं, कडाकड हाडं मोडतील. त्यांनी दुखऱ्या जागेला पहिल्यांदा हातही लावला नाही. मान पाहिली, बरगड्या चाचपल्या, पाठीचं फरं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, हळूहळू सैल केलं. मग भरलेला तांब्या हातात देऊन वाकायला लावलं आणि हात विहिरीवरच्या पोहऱ्यासारखा सैल झुलवायला सांगितला.

मी विचारलं, "दाणा निघेल ना?"

"मी नाही काढणार. शरीर आपला आप विरघळवतो, कधी लवकर, कधी देर से. मी फक्त खांद्याला हलायला जागा देतो."

"तंबाखू सोडलीय. चुना नको म्हणून."

ते इतके हसले की शिवणयंत्र थांबलं. "अरे भाऊ, तोंडातला चुना खांद्यात कसा जाईल? तंबाखू सोडली, चांगलं केलं. पण चुना बेकसूर आहे."

दर रविवारी जात राहिलो. घरी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, हाही त्यांचाच धडा. पावसाळा सरता सरता खोकी पुन्हा फळीवर जाऊ लागली. अशाच एका रविवारी मी बोलून गेलो की घरीही असंच दुखणं आहे. त्यांचे हात थांबले.

"तिला का नाही आणलं? उशीर केला तर खांदा आखडेल. घेऊन ये. माझी मिसेस इथंच बसलेली असते, लाजायचं काम नाही."

मी हो म्हटलं.

परक्या पुरुषानं बायकोच्या खांद्याला हात लावायचा, गावात लोक काय म्हणतील, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण दुसरं होतं. तिच्याही खांद्यात तसाच दाणा निघाला असता, तर चार शेजारणींसमोर मी जे बोललो होतो, त्याचं काय करायचं होतं?

घरी आल्यावर तिनं विचारलं, "माझं काही बोलला का त्यांच्यापाशी?"

"बोललो. ते म्हणाले, चुना बंद करा, आपोआप विरघळेल."

आईनं मान डोलावली. बायकोनं त्याच संध्याकाळी पानाचा डबा शेजारणीला देऊन टाकला. दिवसभराच्या रगाड्यात तेवढीच एक तिची हौस होती.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर बराक सोडून मुंबईला गेले. बायकोचा हात आखडत गेला आणि खांद्याच्या पातळीवर येऊन थांबला. दुखणं कालांतरानं निवलं, हात मात्र वर गेला नाही. मुलगी घरी होती तोवर तिनं आईचा अंबाडा घातला. तिचं लग्न झाल्यावर शेजारीण घालते. चोळीच्या बाहीत हात घालताना बायको भिंतीकडं तोंड करते.

मागच्या दिवाळीत कुणीतरी विडा पुढं केला. तिनं हातानंच नको म्हटलं. "डॉक्टरांचं पथ्य आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडं पाहून हसली. "यांनी इचारून आणलं म्हणून एवढ्यावर तरी निभावलं."

मी विडा घेतला आणि तोंडात घातला.

हे लिहिलं म्हणून सुटलो, असं मी मानत नाही. ती वाचत नाही, आणि दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं असं हे नाही. डॉक्टरांनी तुला बोलावलं होतं, आणि मी नेलं नाही, एवढं तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.