बोल्टावरचा नंबर

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत दरोडेखोर धरले, खुनाचे तपास लावले, त्या गोष्टी लोक चवीनं ऐकतात आणि मीही चवीनं सांगतो. ही मात्र मी घरातसुद्धा कधी सांगितली नाही. नाव कुणाचंच घेणार नाही, ठाण्याचंही नाही. पूर्व खानदेशातलं तालुक्याचं एक ठाणं होतं, एवढं पुरे. दुसरं मोठं युद्ध संपलं होतं, इंग्रज अजून गेले नव्हते आणि मी फौजदार म्हणून चार्ज घेऊन जेमतेम महिना झाला होता. अक्कल महिन्याभराची आणि मिशीला पीळ वीस वर्षांच्या नोकरीचा!

कापसाचा हंगाम होता. सकाळची हजेरी चालू असताना धरणगावकडचा एक मारवाडी व्यापारी ठाण्यात आला. त्याच्या धोतराचा सोगा चिखलात लोळत होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

"साहेब, जरा बाजूला या," तो म्हणाला. "माझ्या वखारीत कापसाच्या ढिगात बंदूक निघाली. मिलिटरीची! म्हारो कोई कसूर कोनी, साहेब."

मी जमादाराला बरोबर घेऊन वखारीवर गेलो. गोणपाटात गुंडाळलेली बंदूक कापसात खुपसलेली होती. आदल्या दिवशी दहा-बारा गाड्यांचा माल एकाच ढिगात ओतला होता, त्यामुळे ती कुणाच्या गाडीतून आली हे व्यापाऱ्यालाही सांगता येईना. मी गोणपाट सोडलं. आखूड नळी, पुढे बोथट नाक, उजव्या हाताला बोल्टाची मूठ. सरळसरळ थ्री-नॉट-थ्री! मला वाटलं, ही लष्कराच्या गाडीतून चोरलेली. आता लष्कर येणार, साहेब येणार आणि माझी नोकरी जाणार.

जमादार जुना माणूस. त्यानं बोल्ट, म्हणजे गोळी पुढे ढकलणारा लोखंडी दांडा, मागे ओढून आत बोट घातलं. "मिलिटरीची नाही साहेब, आपलीच आहे. हे बघा, गोळ्या भरायच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकलाय."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण आणखीच गोंधळलो. ही आपली असेल, तर कापसात कशी?

ठाण्यावर येऊन कोत उघडला. कोत म्हणजे हत्यारांची खोली. घोडीवर, म्हणजे बंदुका उभ्या करायच्या चौकटीवर, दहा बंदुका असायला हव्या होत्या, नऊच होत्या. सापडलेल्या बंदुकीच्या बोल्टावर नंबर कोरलेला होता. आकडा मोठा होता, सोयीसाठी शेवटचे दोनच सांगतो, त्र्याहत्तर. जमादारानं रजिस्टर उघडलं. त्र्याहत्तर नंबरची बंदूक खजिन्यावर पहारा करणाऱ्या एका शिपायाच्या नावावर होती. शिंदखेड्याकडचा, पंचविशीतला, सहा फुटांचा, कमी बोलणारा गडी.

त्याला बोलावलं. तो कोतात आला, घोडीवरची एक बंदूक उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"साहेब, मनी बंदूक तर हाई शे."

मी तिचा बोल्ट पाहिला. त्यावर एकेचाळीस होतं. रजिस्टरात एकेचाळीस म्हणजे राखीव बंदूक, जमादाराच्या ताब्यातली. म्हणजे जमादाराची हजर होती आणि गेली ती शिपायाची. दोन अधिक दोन चार, असं मला वाटलं.

"ही जमादाराची आहे. तुझी कुणाला विकलीस, ते बोल."

"नही साहेब. मी तिले हातवर वळखस. दस्ता जरा डावीकडे दबेल शे."

"नंबर खोटं बोलतो आणि तुझा हात खरं बोलतो होय रे?"

"नंबरनं माले काय म्हाईत? शनवारी बठ्ठा बोल्ट आम्ही एकच घमेलामा धुतस..."

त्याला मी पुढे बोलूच दिलं नाही. सगळ्या ठाण्यासमोर एक थापड ठेवून दिली आणि पट्टा उतरवून घेतला. घमेलं-बिमेलं कसलं, चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणालो. लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो. त्या वेळी ठाण्यात बातमीदार एकही नव्हता, तरी बातमी दुपारच्या गाडीनं शिंदखेड्याला पोचली. सोमवारी जळगावहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. त्यांच्यापुढे मुद्देमाल आणि आरोपी उभा केला की त्याची नोकरी जाणार आणि सरळ तुरुंग. सरकारी हत्यार विकणाऱ्याला त्या दिवसांत कुणी दया दाखवत नसे.

दोन दिवस मी त्याला विचारत राहिलो. पुन्हा हात उचलला नाही, पण उपाशी बसवलं. तो एकच म्हणायचा, "मनी बंदूक कोतमा शे." खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी गोष्टीत काहीतरी भर घालतो, हे मला तोवर कळलं होतं. ह्यानं एक अक्षर वाढवलं नाही. मला तेच खुपायला लागलं. अरे, विकली असती तर निदान एखादी थाप तरी मारली नसती का? की नंबरातच काही घोळ होता? विचार करकरून माझं डोकं फिरलं.

शेवटी शनिवारी मी दोन्ही बंदुका घेतल्या, ठाण्याच्या डायरीत नोंद केली आणि रेल्वेनं अमळनेर, तिथून मोटारीनं धुळं गाठलं. पांझरेपलीकडे देवपुरात एक नाना राहत. पहिल्या युद्धात लष्कराच्या कारखान्यात बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री होते, आता ओसरीवर बसून शिलाई मशीन दुरुस्त करत. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि माहेरची माणसं दिसावीत तसं दोन्ही बंदुकांकडे पाहिलं.

"या, या! किती वर्षांनी दिसलात ग!" हे बंदुकांना. मला म्हणाले, "बसा फौजदार."

मी घाईत होतो, पण नाना कुणाच्या घाईनं बोलणारे नव्हते. म्हणाले, हे एकच घराणं आहे, नीट ओळखायला शिका. आधी होती लांब एन्फिल्ड, पायदळाची वेगळी आणि घोडदळाची आखूड वेगळी. मग एकोणीसशे तीन-चारच्या सुमाराला दोघांना मिळून ही एकच आखूड काढली. बंगालच्या सरकारी कारखान्यातही बनू लागली. सुरुवातीला हिच्या बाजूला पत्र्याची एक पट्टी असे, ती आत सारली की शिपायानं एकेक गोळी घालून मारायची, पेटीतल्या गोळ्या राखून ठेवायच्या. युद्ध पेटलं तेव्हा पट्टीबिट्टी करायला वेळ कुणाला? काढून टाकली. आता या युद्धात नवीन आली, तिची नळी नाकाबाहेर डोकावते आणि नेम धरायचं भोक पार मागे डोळ्याजवळ आहे.

"आणि आमच्या ह्या?" मी विचारलं.

"ह्या म्हाताऱ्या सैनिक. लढाईतून परत आलेल्या. नळीतले आटे कोरून गुळगुळीत केले, नळीचं माप थ्री-नॉट-थ्रीवरून फोर-टेन केलं, पेटीत ठोकळा ठोकला आणि पोलिसाला दिली. एका वेळी एकच गोळी. सरकारचा तुमच्यावर एका गोळीएवढाच विश्वास, फौजदार!"

नाना हसले. मला हसू येईना. मी सगळी हकीकत सांगितली. त्र्याहत्तर, एकेचाळीस, शिपाई, घमेलं. घमेल्याचं नाव निघताच त्यांनी हात वर केला.

"थांबा. काय म्हणालात? सगळे बोल्ट एका घमेल्यात?"

"शनिवारी रॉकेलमध्ये धुतात. असं तो म्हणतो."

"आणि तुम्ही नंबर वाचता बोल्टावरचा?"

"तोच दिसतो, नाना. अंगावर तर काळा रंग फासलेला आहे."

"अरे देवा! फौजदार, बोल्ट म्हणजे घरजावई. ज्या घरात ढकलाल त्या घरात राहतो. बंदुकीचं कुळ अंगावर लिहिलेलं असतं."

त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला, उजव्या बाजूला नळी जिथे अंगात शिरते तिथला काळा रंग भिजवला आणि पात्यानं हळूहळू खरवडला. कापसात सापडलेल्या बंदुकीच्या अंगावर आकडे उमटले. शेवटचे दोन, एकेचाळीस. मग शिपायानं 'मनी' म्हटलेली बंदूक घेतली. तिच्या अंगावर त्र्याहत्तर.

शिपायाची बंदूक पहिल्यापासून कोतातच होती. बोल्ट तेवढे घमेल्यात अदलाबदल झाले होते. बाहेर गेली ती जमादाराच्या ताब्यातली राखीव बंदूक.

रविवारी मी जमादाराला खोलीत बोलावलं आणि खरवडलेल्या दोन्ही बंदुका टेबलावर ठेवल्या. त्यानं आकडे वाचले आणि खाली बसला.

"साहेब, डुकरं फार मातली होती," तो म्हणाला. "ओळखीच्या शेतकऱ्याचा उभा भुईमूग उकरून टाकला. आठ दिवसांसाठी दिली. मोठ्या साहेबांची तपासणी येतेय कळल्यावर मी निरोप धाडला, कापसाच्या गाडीत लपवून आण आणि वाटेत ठाण्यावर उतरव म्हणून. त्याच्या सालदाराला काय ठाऊक? त्यानं गाडी थेट वखारीत नेऊन ओतली."

"आणि त्या पोरावर आळ आला तेव्हा?"

"बोल्टावर त्र्याहत्तर बघून मीच चक्रावलो, साहेब. देवानंच वाचवलं असं वाटलं. मग तोंड उघडेना."

तो काही पक्का बदमाश नव्हता. एका माणसाला मदत करायला गेला आणि दुसऱ्याचा गळा कापला जात असताना गप्प बसला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सोमवारी मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली, सर्व्हिस बुकात चांगला शेरा मिळाला. मी अहवालात लिहिलं की जमादारानं खोटी हजेरी दिली. आठही दिवस 'दहा बंदुका हजर' ह्या ओळीखाली सही कुणाची होती, ते लिहिलं नाही. सही माझी होती. कोतात पाऊल न टाकता, चहा पीत केलेली.

शिपायाला मी पट्टा परत दिला. म्हणालो, "सुटलास. कागदावर तुझं नाव स्वच्छ आहे."

तो उभाच राहिला. "कागदवर सुटनू, साहेब. पन गावले कोन सांगी? तुम्ही एक दिन मना घर जेवाले या. गाव देखी."

फौजदारानं शिपायाच्या घरी जेवायला जायची रीत नव्हती. मी गेलो. शिंदखेड्याजवळचं त्याचं गाव, भर दुपार, पान मुद्दाम ओट्यावरच मांडलं होतं. कळण्याची भाकरी, ठेचा, उडदाची डाळ. समोरच्या ओट्यावर सात-आठ माणसं बसली होती. शिपायाचे वडील, सगळा गाव त्यांना आबा म्हणे, माझ्यापुढे बसले होते. त्यांनी मला आग्रह करून वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगेन. नंबर अंगावरचा वाचावा, सही करण्याआधी कोतात जावं, आणि कमी बोलणारा माणूस बोलायला लागला की त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. पुढच्या सगळ्या नोकरीत मी हे पाळलं. पण त्या दुपारी ओट्यावर मला ह्यातलं काही सुचत नव्हतं.

जेवण झालं. आबांनी स्वतः माझ्या हातावर पाणी घातलं आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"साहेब, मना आंडोर चोर नही ना?"

"नाही आबा," मी म्हणालो. "तुमचा मुलगा चोर नाही. चूक माझी होती. न बघता सही मी केली आणि मारलं त्याला."

आबांनी तांब्या खाली ठेवला.

"मंग जरा जोरमा सांगा, साहेब. समोरला वट्टावर आयकू येस नही."

मी उठून उभा राहिलो आणि हजेरी घेताना लावतो त्या आवाजात सगळं पुन्हा सांगितलं, थापडेसकट.