गासचा योना

सिल्वेस्टर हिब्रूची क्रियापदं पाठ करायचा झाडांना पाणी घालताना. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात झारी आणि तोंडाने "काताल, कातला" चालूच. काताल म्हणजे ठार मारणे. आमच्या सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शाळेत, पहिल्याच धड्याला ते शिकवायचे. "बघ, सुरुवात माझ्यापासूनच केलीय," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचा. त्याच्या हसण्याला मी बरेच दिवस फसलो.

हा विरारजवळच्या गास गावातल्या वाडीवाल्यांचा एकुलता एक पोरगा. जन्मला तेव्हा जगेल असं कुणाला वाटत नव्हतं, म्हणून आयने मारियामातेला शब्द दिला, पोर वाचलं तर देवळाला देईन. पोर वाचलं आणि अडकलं. चड्डीत होता तेव्हापासून गावाने त्याला 'फादर' करून टाकलं. लग्नाच्या मांडवात पुढची खुर्ची याची, आणि हा जवळ आला की पोरी हसायच्या थांबणार. "अरे, मला कुणी विचारलंय का?" एवढंच तो म्हणायचा, तेही फक्त मला.

त्यात मेला हुशार! एकदा वर्गात योनाचं पुस्तक निघालं. देवाचं काम नको म्हणून पळालेला आणि वाटेत माशाने गिळलेला तो योना. सिल्वेस्टरने शब्दकोशाला हात न लावता त्याची प्रार्थना मराठीत अशी उतरवली, की हिब्रू शिकवणारे म्हातारे फादर चष्मा काढून डोळे पुसू लागले. "तुला पुढे रोमला पाठवायला हवं," म्हणाले. बाहेर येऊन सिल्वेस्टर म्हणाला, "योनाला माशाने तीन दिवसांत ओकलं रे. मला कोण ओकणार?"

मी मधेच सेमिनरी सोडली. घरचे चार दिवस ओरडले, मग गप्प बसले. आता विरारला शिकवण्या घेतो, बायको-पोरं आहेत, मजेत आहे. दीक्षेच्या आदल्या सुट्टीत सिल्वेस्टरनेही ठरवलं, आयला सांगायचंच. धीर द्यायला मला घरी घेऊन गेला.

आम्ही टेकतोय तोच आयने पेटीतून पांढरं फडकं काढलं. स्वतः कडा शिवलेलं. दीक्षेला बिशप नव्या फादरच्या तळव्यांना तेल लावतात. ते तेल पुसलेलं फडकं आईला मिळतं आणि ती मेली की तिच्या हातात ठेवून पुरतात. "देव इचारल, तू कोन?" आय मला म्हणाली. "मंग मी ह्ये दाखवीन. फादरची आय हाय मी!"

मी सिल्वेस्टरला कोपराने ढोसलं.

"आय," म्हणाला, "भूक लागलीय."

झालं. दीक्षा झाली, तेल पुसलं, फडकं पेटीत गेलं.

गेल्या वर्षी आय वारली. अंत्यविधीची मिस्सा त्यानेच केली आणि फडकं त्यानेच तिच्या बोटांत अडकवलं. माती टाकून झाल्यावर मला राहवलं नाही. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "सिल्व्या, आता तुला कोण अडवतंय?"

त्याने कबरीवरची माती हाताने सारखी केली.

"ती आत्ता वर ते फडकं दाखवत असेल रे. मी इथे झगा उतरवला, तर तिथे ती खोटी पडेल."

मागून कुणीतरी हाक मारली, "फादर!"

"आलो," म्हणाला आणि गेला.